बिलावर दिलेला नंबर आणि फेसबुकवर आलेली साडी

बेळगावच्या शहापूर भागातल्या एखाद्या दुकानात दोन-चार साड्या उलगडून बघाव्यात, न घेता परत यावं, आणि रात्री फेसबुक उघडल्यावर त्याच दुकानाची साडी समोर यावी. बेळगावात असं झालेला माणूस शोधावा लागत नाही. सगळ्यांचं निदानही एकच असतं: "फोन आपलं बोलणं ऐकतोय."

ही समजूत मला धोक्याची वाटते. फोन ऐकतो असं एकदा मानलं की माणूस हात टेकतो, मग जे हातात आहे तेही करत नाही. बोस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ साली १७ हजारांहून जास्त अँड्रॉइड अ‍ॅप तपासली. चोरून आवाज पाठवणारं एकही त्यांना सापडलं नाही (काही अ‍ॅप मात्र स्क्रीनवर काय चाललंय याचं चित्रण बाहेर पाठवत होती, तेही गंभीरच). अँड्रॉइड १२ आणि त्यापुढच्या फोनवर मायक्रोफोन चालू झाला की वरच्या कोपऱ्यात हिरवी खूण दिसते. ती नसताना जाहिरात आली असेल तर कारण दुसरीकडे शोधायला हवं.

बहुतेक वेळा ते कारण दुकानाच्या काउंटरवर सापडतं. मागच्या दिवाळीला त्याच दुकानात बिल करताना "नंबर सांगा" असं म्हटलं गेलं आणि आपण दहा आकडे सांगून मोकळे झालो.

त्या नंबरचं पुढे काय होतं ते नीट समजून घेतलं पाहिजे. बिलाच्या सॉफ्टवेअरमधून ग्राहकांची यादी एक्सेलमध्ये निघते. नंबराआधी ९१ लावलं जातं आणि दुकानाची जाहिरात बघणारी एजन्सी ती यादी मेटाच्या (फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप चालवणारी कंपनी) जाहिरात खात्यात चढवते. फेसबुक किंवा इन्स्टाग्रामच्या खात्याला तोच नंबर जोडलेला असेल तर जुळणी होते. तुम्ही दुकानाचं पान लाइक केलेलं नसलं, त्याचं नाव कधी शोधलेलं नसलं, तरी फरक पडत नाही. शंभरेक माणसं जुळली की यादी वापरता येते. शिवाय त्याच यादीवरून "यांच्यासारखी दिसणारी माणसं शोधा" असंही सांगता येतं. मेटा त्या देशातल्या वापरकर्त्यांपैकी १ ते १० टक्के सगळ्यात मिळतीजुळती माणसं काढून देते. म्हणजे तुम्ही नंबर दिलाच नसेल, पण तुमच्यासारख्या वयाच्या आणि सवयीच्या शंभर बायकांनी दिला असेल, तरी साडी तुमच्यापर्यंत येते.

यादी चढवताना नंबर उघडा जात नाही, हे खरं आहे. एसएचए-२५६ नावाच्या गणिती पद्धतीने त्याचा ६४ अक्षरांचा तुकडा होतो आणि तो मेटाकडच्या तशाच तुकड्यांशी जुळवला जातो. कोण जुळलं, हे दुकानदाराला दिसत नाही. पण या तुकड्यामुळे नंबर सुरक्षित राहतो असं सांगितलं जातं ते अर्धंच खरं आहे. भारतातला मोबाइल नंबर दहा आकडी, सुरुवात ६, ७, ८ किंवा ९ ने. म्हणजे शक्य असलेले सगळे नंबर मिळून ४०० कोटी. बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड असलेल्या संगणकाला या सगळ्यांचे तुकडे करून तक्ता मांडायला काही मिनिटं पुरतात. अशी यादी चुकीच्या हाती पडली तर तुकड्यावरून नंबर परत काढणं अवघड नाही.

कुठल्या दुकानांनी आपल्याला यादीतून गाठलं हे बघता येतं, आणि प्रत्येकाने एकदा तरी बघावं. फेसबुक अ‍ॅपमध्ये तीन आडव्या रेघा, मग सेटिंग्ज, तिथे वरचं "अकाउंट्स सेंटर", त्यात "अ‍ॅड प्रेफरन्सेस", पुढे "मॅनेज इन्फो" आणि शेवटी "ऑडियन्स-बेस्ड अ‍ॅडव्हर्टायझिंग". ही नावं अधूनमधून बदलतात. सापडलं नाही तर अकाउंट्स सेंटरमध्येच जाहिरातीच्या भागात शोधा. तिथे नावांची रांग दिसते: कार विकणारे, शिकवणीवाले, प्लॉटवाले, कधी ज्यांचं नावही ऐकलेलं नाही असे. एखाद्या नावावर दाबलं की त्यांनी यादी चढवली होती का ते कळतं, आणि दोन गोष्टी बंद करता येतात. एक, यादी वापरून जाहिरात दाखवणं. दुसरी, यादी वापरून तुम्हाला जाहिरातीतून वगळणं. या दुसऱ्या गोष्टीकडे फारसं कुणी बघत नाही. "जुन्या ग्राहकांना सवलत दाखवू नका" अशी वगळणूक याच वाटेने होते, म्हणून दोन्ही बंद करा. एकेक नाव उघडून करावं लागतं. कंटाळवाणं आहे, पण दहा-पंधरा स्थानिक नावांपासून सुरुवात केली तरी फरक जाणवतो.

मुळात नंबर न देणं सोपं आहे. जीएसटीच्या बिलावर ग्राहकाचा मोबाइल नंबर असलाच पाहिजे असा नियम नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्ये किरकोळ विक्रेत्यांना कळवलं होतं की नंबर दिला नाही म्हणून माल किंवा बिल अडवू नका. तेव्हा गणपत गल्लीत असा की मॉलमध्ये, "नंबर नको, कागदी बिल द्या" एवढं म्हणायचं. फ्रिज-टीव्हीच्या वॉरंटीलाही बिल आणि मशीनचा क्रमांक लागतो. दुकानाच्या यादीत नाव असण्याशी वॉरंटीचा संबंध नाही. सगळ्यात जास्त नंबर गोळा होतात ते लकी ड्रॉच्या पेट्यांत. सीपीएड मैदानावरच्या प्रदर्शनांत, शिकवणीच्या मोफत चाचणीत, जिमच्या एका दिवसाच्या पासवर हे कुपन भरून घेतात. त्यावर नाव, नंबर, गल्ली आणि जन्मतारीख असते. मेटाच्या जुळणीला लागतं ते सगळं एका चिठ्ठीवर जमलेलं असतं. कुपन भरायचंच असेल तर जन्मतारीख सोडा.

ई-मेल मागितला तर एक युक्ती आहे. जीमेलच्या पत्त्यात @ च्या आधी अधिकचं चिन्ह आणि दुकानाची खूण जोडा. मेल तुमच्याकडेच येतो, पण पत्ता वेगळा दिसत असल्याने फेसबुकवरच्या पत्त्याशी जुळत नाही, आणि पुढे तो पत्ता कुणी फिरवला तर कुठून फुटला ते कळतं. काही फॉर्म अधिकचं चिन्ह घेत नाहीत. तिथे मात्र उपाय नाही.

खात्याला नंबर जोडायचा तो फक्त सुरक्षेसाठी, असं वाटत असेल तर ट्विटरचं उदाहरण लक्षात ठेवा. दुहेरी पडताळणीसाठी घेतलेले नंबर आणि ई-मेल जाहिरातीसाठी वापरले म्हणून २०२२ साली अमेरिकेत त्या कंपनीला १५ कोटी डॉलर भरावे लागले. अकाउंट्स सेंटरमधल्या "पासवर्ड अँड सिक्युरिटी" मध्ये जाऊन पडताळणी एसएमएसवरून काढून ऑथेंटिकेटर अ‍ॅपवर (लॉगिनचा कोड फोनवरच तयार करणारं अ‍ॅप) न्या. आधी ऑथेंटिकेटर चालू करा, बॅकअप कोड कागदावर उतरवा आणि मगच नंबर काढा. हा क्रम उलटा केला आणि फोन हरवला तर खातं कायमचं जाऊ शकतं.

आता सीमेचा भाग. इथे जाहिरातीचं गणित जरा वेगळं चालतं. मेटावर शहराभोवती जास्तीत जास्त ८० किलोमीटरचं वर्तुळ काढता येतं. बेळगावभोवती ४० चं काढलं तर खानापूर आत येतं आणि सीमेपलीकडचं चंदगडही येतं. निपाणी बाहेर राहते. कोल्हापूरच्या दुकानाने स्वतःभोवती ४० काढलं तर निपाणी आत येते. वर्तुळाला राज्याची हद्द कळत नाही. पण जाहिरातदाराने वर्तुळाऐवजी "महाराष्ट्र" एवढंच निवडलं तर कोल्हापूरपासून हाकेच्या अंतरावर असूनही निपाणी वगळली जाते. तसंच बेंगळुरूच्या कंपनीने "कर्नाटक" निवडलं की खानापूरच्या मराठी घरातही कन्नड जाहिरात येते. त्यात मोबाइल डेटाचा आयपी पत्ता (इंटरनेटवर फोनला मिळालेला क्रमांक) पुष्कळदा आपलं गाव न दाखवता सेवा देणाऱ्या कंपनीच्या मोठ्या केंद्राचं शहर दाखवतो. म्हणून लोकेशन बंद केलेल्या माणसाला बेंगळुरूच्या फ्लॅटच्या जाहिराती दिसतात. त्यात कुणाचा डाव नसतो, नुसता चुकलेला अंदाज असतो.

भाषेचं तसं नाही. जाहिरातदाराला भाषाही निवडता येते, आणि फेसबुकचा मेनू मराठीत ठेवणं हा त्यासाठीचा सगळ्यात स्पष्ट इशारा आहे. जानेवारी २०२२ मध्ये मेटाने धर्म, राजकीय कल, आरोग्य अशा नाजूक विषयांवरून माणूस निवडण्याचे पर्याय काढून टाकले. इतर ठिकाणी त्याने बराच फरक पडला असेल. सीमाभागात नाही. इथे "बेळगाव" आणि "मराठी" हे दोन साधे पर्याय एकत्र केले की माणूस कुठल्या बाजूचा आहे याचा अंदाज आपोआप निघतो, त्यासाठी राजकीय पर्यायाची गरजच राहत नाही. १ नोव्हेंबरला एका गल्लीत कर्नाटकाचा राज्योत्सव आणि दुसरीत मराठी माणसांचा काळा दिन असतो. त्या दिवशी मराठी फोनवर एक आणि कन्नड फोनवर दुसरा मजकूर पैसे देऊन पोचवता येतो, आणि शेजाऱ्याच्या फोनवर काय आलं ते आपल्याला कधीच दिसत नाही. सभेतलं भाषण निदान सगळ्यांना ऐकू येतं. हे येत नाही, आणि मला या सगळ्यात सर्वांत जास्त काळजी याचीच वाटते.

म्हणून मेटाची अ‍ॅड लायब्ररी वापरायला शिका. ब्राउझरमध्ये "मेटा अ‍ॅड लायब्ररी" शोधा, देश भारत ठेवा आणि विषयात "इश्यूज, इलेक्शन्स ऑर पॉलिटिक्स" निवडा. पक्षाचं, संघटनेचं किंवा "बेळगाव" हे नाव मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तिन्ही लिपींत टाकून बघा. एका लिपीत शोधून दुसरीतल्या जाहिराती येत नाहीत. प्रत्येक राजकीय जाहिरातीखाली पैसे कुणी दिले, अंदाजे किती, आणि ती कुठल्या राज्यात कुठल्या वयोगटाला किती दिसली ते लिहिलेलं असतं. भारतात हे २०१९ च्या फेब्रुवारीपासून आहे आणि राजकीय जाहिराती सात वर्षं जपून ठेवल्या जातात. आकडे राज्याचे मिळतात, जिल्ह्याचे मिळत नाहीत. पण कर्नाटकात चाललेली मराठी जाहिरात दिसली की ती कुणासाठी होती हे वेगळं सांगावं लागत नाही.

दोन राज्यांच्या मध्ये राहिल्यामुळे आणखी एक गोष्ट होते. कर्नाटकची गृहलक्ष्मी दरमहा २,००० रुपयांची, महाराष्ट्राची लाडकी बहीण १,५०० ची, आणि सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महाराष्ट्राने लागू केलेली आरोग्य योजना. ही तिन्ही नावं इथल्या बायकांना माहीत आहेत आणि नेमकं कुठे काय लागू होतं याचा गोंधळही आहे. असा गोंधळ असला की खोट्या फॉर्मचं फावतं. फेसबुकवरच्या जाहिरातीत "अर्ज करा" दाबल्यावर तिथल्या तिथे एक फॉर्म उघडतो. त्यात तुमचं नाव, नंबर आणि ई-मेल आधीच भरलेलं असतं, कारण ते मेटा तुमच्या खात्यातून आणते. एक बटण दाबलं की सगळं जाहिरातदाराकडे जातं. थांबायचं ते इथे. फॉर्मच्या तळाशी गोपनीयता धोरणाचा दुवा असतो, तो देणं जाहिरातदाराला बंधनकारक आहे. तो उघडा. सरकारी योजना असेल तर पत्त्याच्या शेवटी "जीओव्ही डॉट इन" किंवा "एनआयसी डॉट इन" पाहिजे. गुगल फॉर्म, फुकटची वेबसाइट किंवा नुसता व्हॉट्सअ‍ॅप नंबर निघाला तर मागे फिरा. आधार किंवा बँक खात्याचा क्रमांक अशा फॉर्ममध्ये मागायला मेटाच्या स्वतःच्या नियमांतही मनाई आहे. मागितला तर तीन टिंबांवर दाबून तक्रार करा. कर्जाच्या अ‍ॅपची जाहिरात असेल तर रिझर्व्ह बँकेचा नियम आठवा: कर्ज देणाऱ्या अ‍ॅपला तुमचे कॉन्टॅक्ट, फोटो आणि कॉलची यादी बघता येत नाही. यांची परवानगी मागतंय म्हणजे अ‍ॅप नियमात नाही, काढून टाका. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० ला फोन लावा. पहिल्या काही तासांत पैसे खात्यात अडवता येण्याची शक्यता जास्त असते.

नंबरानंतर येतो तो वेबसाइटवरचा माग. दुकानं, कॉलेजं आणि बसची तिकिटं काढायच्या साइटवर मेटाचा पिक्सेल नावाचा छोटा कोड बसवलेला असतो. तुम्ही काय बघितलं, काय टोपलीत टाकलं, ते तो मेटाला कळवतो. अकाउंट्स सेंटरमध्ये "युवर इन्फर्मेशन अँड परमिशन्स" आणि त्यात "युवर अ‍ॅक्टिव्हिटी ऑफ मेटा टेक्नॉलॉजीज" उघडलं की कुठल्या साइटने काय पाठवलं त्याची यादी मिळते. आधी "क्लिअर प्रीव्हियस अ‍ॅक्टिव्हिटी" करा, मग "डिस्कनेक्ट फ्यूचर अ‍ॅक्टिव्हिटी". बहुतेकजण पहिलं करून थांबतात आणि महिन्याभरात यादी पुन्हा भरते. दुसरं केल्यावर मात्र फेसबुकने लॉगिन केलेली गेम आणि खरेदीची अ‍ॅप बाहेर फेकतात. म्हणून त्याआधी त्या प्रत्येक अ‍ॅपमध्ये जाऊन ई-मेल आणि पासवर्ड ठेवून घ्या. आणि हेही ठाऊक असू द्या की याने जाहिराती कमी होत नाहीत. त्या तितक्याच राहतात, फक्त तुम्ही काय बघितलं त्यावर बेतलेल्या नसतात.

अँड्रॉइडवर सेटिंग्ज, गुगल, अ‍ॅड्स आणि तिथे "डिलीट अ‍ॅडव्हर्टायझिंग आयडी". प्रत्येक फोनला एक जाहिरात क्रमांक असतो आणि वेगवेगळी अ‍ॅप त्यावरूनच तुम्हाला एकच माणूस म्हणून ओळखतात. तो खोडला की अ‍ॅपना नुसती शून्यं दिसतात. "रीसेट" दाबू नका, त्याने नवा क्रमांक तयार होतो. शाओमी आणि रेडमीच्या फोनमध्ये कंपनीची स्वतःची जाहिरात सेवा वेगळी चालते. सेटिंग्जमध्ये "ऑथोरायझेशन अँड रिव्होकेशन" शोधा आणि "एमएसए" बंद करा. दहा सेकंद थांबायला लावतात, आणि पुष्कळदा "बंद करता आलं नाही" असं येतं. इंटरनेट चालू ठेवून तीन-चार वेळा करा, होतं. आयफोनवर प्रायव्हसीमध्ये "ट्रॅकिंग" उघडून अ‍ॅपना विचारायचीच परवानगी काढून टाका.

लोकेशन पूर्ण बंद करायला लागत नाही. अँड्रॉइड १२ पासून प्रत्येक अ‍ॅपसाठी "यूज प्रिसाइज लोकेशन" वेगळं बंद करता येतं. मग अ‍ॅपला साधारण ३ चौरस किलोमीटरचा ठिपका दिसतो. टिळकवाडीत आहात की शहापुरात, एवढंही त्यातून नीट कळत नाही. नकाशाला अचूक जागा हवी, ती राहू द्या. फेसबुक, इन्स्टाग्राम आणि शिकवणीच्या अ‍ॅपना ती लागत नाही.

मुलांच्या खात्यात एकच गोष्ट तपासा: जन्मसाल. २०२३ पासून मेटा १८ खालच्या मुलांना फक्त वय आणि ठिकाण बघून जाहिराती दाखवते. पण सातवीतल्या पोराने खातं उघडताना १९९५ टाकलेलं असेल तर त्याला ही सूट मिळत नाही आणि कर्जाच्या व जुगारासारख्या गेमच्या जाहिरातीही दिसतात. साल दुरुस्त करा. १३ पेक्षा लहान असेल तर खातं बंद पडेल, आणि ते योग्यच आहे.

व्हॉट्सअ‍ॅपवरचे खासगी संदेश कंपनीला वाचता येत नाहीत. पण जाहिरातीवरून ज्या दुकानाशी बोललात त्यांच्याकडे तुमचा नंबर त्या क्षणी गेलेला असतो, आणि तो पुन्हा वर सांगितलेल्या यादीत जाऊ शकतो. २०२५ मध्ये अपडेट्सच्या भागातही जाहिराती आणायची घोषणा झाली. व्हॉट्सअ‍ॅप अकाउंट्स सेंटरला जोडलेलं असेल तर तिथे फेसबुकवरची माहितीही वापरली जाते. जोडलं नसेल तर जोडू नका. गल्लीच्या मंडळाच्या ग्रुपमध्ये दोनशे नंबर उघडे पडतात हेही विसरू नका. प्रायव्हसीत "ग्रुप्स" उघडून कोण तुम्हाला घेऊ शकतो ते "माय कॉन्टॅक्ट्स" वर ठेवा.

कायदा आता आपल्या बाजूला येतो आहे, थोडा उशिरा. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ चा, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि कंपन्यांवरची मुख्य बंधनं त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून लागू होणार आहेत. १८ वर्षांखालच्या मुलांचा माग काढून त्यांना जाहिरात दाखवायला त्यात मनाई आहे. मोठ्या चुकीला दंड २५० कोटींपर्यंत. आपल्याकडच्या वाचकांनी आणखी एक तरतूद लक्षात ठेवावी. संमती मागणारी सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा लागेल. मराठी त्या अनुसूचीत आहे. दुकान कर्नाटकात असलं, कंपनी बेंगळुरूची असली, तरी खानापूरच्या माणसाला मराठीत सूचना मागता येईल.

तोवर वाट बघायची गरज नाही. ज्या दुकानाचं नाव फेसबुकच्या "ऑडियन्स-बेस्ड अ‍ॅडव्हर्टायझिंग" मध्ये सापडलं त्यांना हा मजकूर पाठवा:

"नमस्कार. तुमच्याकडे खरेदी करताना बिलासाठी मोबाइल नंबर दिला होता. तो जाहिरातीसाठी वापरायला माझी संमती नाही. कृपया फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या जाहिरात यादीतून माझा नंबर काढा, तुमच्या एजन्सीलाही काढायला सांगा, आणि काढल्यावर कळवा."

बहुतेक दुकानदार भले असतात आणि लगेच बिलाच्या सॉफ्टवेअरमधून नंबर खोडतात. तेवढ्याने काम होत नाही, कारण आधी चढवलेली यादी जाहिरात खात्यात तशीच राहते. एजन्सीला सांगायचं ते असं: जाहिरात खात्यातल्या "ऑडियन्सेस" मध्ये ती यादी उघडून "रिमूव्ह कस्टमर्स" मधून हा नंबर काढा, पुढच्या महिन्याला जुनी एक्सेल पुन्हा चढवू नका. मग आठवड्याभराने "ऑडियन्स-बेस्ड अ‍ॅडव्हर्टायझिंग" मध्ये त्यांचं नाव अजून आहे का ते बघा.